उभं राहिल्याचा त्रास

निवडणुकीत पडलो, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्ली मी दिसलो की लोक आवाज खाली आणतात, जसं काही आमच्या घरात कुणी गेलंय. उभा राहिलेला माणूस पडणारच. मराठीने निवडणुकीला क्रियापदंच तशी दिली आहेत. माणूस आधी उभा राहतो, मग त्याला बसवायला लोक येतात, आणि तो बसला नाही तर पाडतात. यातल्या शेवटच्या दोन क्रियांशी माझं भांडण नाही. माझी तक्रार आहे ती पहिलीबद्दल.

नगरपरिषदेच्या कार्यालयासमोर गेली सव्वीस वर्षं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या दारात एक विजेचा खांब आहे. त्यावरचा दिवा दिवसभर जळतो आणि संध्याकाळी सात वाजता, लोकांना दिसेनासं झालं की, विझतो. याबद्दल मी साडेतीन वर्षांत अकरा अर्ज दिले. अर्जाची प्रत फुकट काढता येणारा मी गावातला एकमेव तक्रारदार असल्यामुळे अकराच्या अकरा पोचसहित माझ्याकडे आहेत. दर वेळी उत्तर एकच : "सभागृह नाही, प्रशासक आहेत, बघू."

सभागृह नव्हतं हे खरं. मागची निवडणूक झाली २७ नोव्हेंबर २०१६ ला, नोटाबंदीनंतर एकोणिसाव्या दिवशी. तेव्हा पाचशेच्या जुन्या नोटांत घरपट्टी भरून घेत होते म्हणून गावाने वर्षानुवर्षांची थकबाकी एका आठवड्यात भरली होती. तेवढी नागरिकता आमच्याकडे त्यानंतर दिसलेली नाही. २०२१ च्या अखेरीस सदस्यांची मुदत संपली. मग ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात, मग प्रभागरचना, मग पुन्हा प्रभागरचना. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानेच घ्या म्हणून सांगितलं आणि ४ नोव्हेंबरला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक जाहीर झाली. नऊ वर्षांनी. त्या दिवशी दुपारी पेटलेल्या दिव्याखाली उभा राहून मी ठरवलं की आपण उभं राहायचं. ठरवताना मी आधीच उभा होतो हे मला शुभ वाटलं.

पहिली अडचण अशी की माझं दुकान प्रभाग चारमध्ये आणि घर पाचमध्ये. घर दुकानाच्या मागेच आहे, मध्ये एक बोळ. प्रभागाची हद्द त्या बोळातून जाते. नकाशावर ती लाल रेघ आहे, प्रत्यक्षात तिथे आमचा कपडे वाळत घालायचा दोर आहे. राहतो तिथून उभं राहावं म्हटलं तर ऑक्टोबरातच आरक्षणाची सोडत झाली होती. शाळेतल्या एका लहान मुलाने पारदर्शक बरणीत हात घातला आणि पाचमधली एक जागा ओबीसीला, दुसरी महिलेला गेली. पोरगं गोड होतं. त्याच्यावर माझा राग नाही.

लगेच चार शहाणे घरी आले. म्हणाले, "वहिनींना उभं करा. फ्लेक्सवर तुमचा फोटो मोठा टाकू." ही ओट्याशी भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "तीस वर्षं उभीच आहे. मला जरा बसू द्या." तेव्हा मी चार-ब मधून, सर्वसाधारण जागेवर, अपक्ष. उमेदवाराचं नाव शहराच्या यादीत कुठेही असलं तरी चालतं. सूचक मात्र त्याच प्रभागातला लागतो. म्हणजे कायदा असा की मी स्वतःला मत देऊ शकत नाही, पण समोरच्या रसवंतीवाल्याला मी लायक आहे असं लिहून देता येतं. त्याने दिलंही. त्याबद्दल तो अजून फुकट लॅमिनेशन मागतो.

१० ते १७ नोव्हेंबर या आठवड्यात माझं दुकान जेवढं चाललं तेवढं दहावीच्या निकालालाही चालत नाही. नगरसेवक होण्यासाठी माणसाला काय काय नसावं लागतं याची यादी मोठी आहे. नगरपरिषदेची थकबाकी नसावी, त्याचा दाखला. सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य नसावं, त्याचं स्वयंघोषणापत्र. लपवलेला गुन्हा नसावा, त्याचं शपथपत्र. आणि काही गोष्टी असाव्या लागतात : खर्चासाठी वेगळं बँक खातं, आणि घरी शौचालय. नुसतं असून भागत नाही, आपण ते वापरतो हेही कागदावर यावं लागतं. पंचावन्नाव्या वर्षी मी ते लिहून दिलं. त्यात कमीपणा काही नाही, पण लिहिताना पुतण्या शेजारी उभा राहून मोठ्याने वाचत होता आणि दुकानात गर्दी होती.

प्रभाग चार-ब चे सगळे उमेदवार कागद काढायला माझ्याकडेच आले. कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुसरं दुकान नाही. माझ्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पाच माणसांची शपथपत्रं मी माझ्या हाताने, माझ्या टोनरवर, पाठपोट, तीन-तीन प्रतींत काढून दिली. एकाचं आधार कार्ड तिरकं येत होतं ते सरळही करून दिलं. जो निवडून आला त्याचे ३४० रुपये झाले. तो म्हणाला, "काका, लिहून ठेवा." हातात थकबाकी नसल्याचा दाखला होता. त्याचीच प्रत काढायला आला होता.

माघारीची तारीख २१ नोव्हेंबर. त्याआधीचे तीन दिवस मला बसवायला माणसं येत होती. कुणी म्हणालं स्वीकृत करू. त्या तीन दिवसांत आमच्या गावात माझ्या माहितीप्रमाणे किमान नऊ जणांना स्वीकृत सदस्य करायचं ठरलं होतं, आणि स्वीकृतच्या जागा एका हाताच्या बोटांवर मावतात. कुणी म्हणालं, मतं खाल, दुसरं काय कराल. मी बसलो नाही. लोक याला माझा बाणेदारपणा म्हणतात. खरी गोष्ट अशी की दुकानात स्टूल एकच आहे आणि त्यावर ते बसले होते.

आता चिन्ह. पक्षवाल्यांना चिन्ह जन्मापासून असतं. अपक्षांना ते मिळालं २६ नोव्हेंबरला, आणि मतदान होतं २ डिसेंबरला. म्हणजे आपण कोण आहोत हे लोकांना सांगायला पाच दिवस. मी कपबशी मागितली होती. कपबशी आणखी दोघांनी मागितली होती. चिठ्ठी टाकली आणि ती भलत्यालाच गेली. मला मिळालं कपाट. कपाटाबद्दल माझं वाईट मत नाही, घरात दोन आहेत. पण चार-ब मधल्या दुसऱ्या अपक्षाला मिळाला फ्रीज. मतदान यंत्रावर चिन्ह जेवढं येतं तेवढ्या आकारात कपाट आणि फ्रीज यांच्यात काय फरक उरतो हे ज्याला बघायचं असेल त्याने बघावं. दोन्ही उभी चौकट, दोन्हींना मधे रेघ. कपाटाची रेघ उभी, फ्रीजची आडवी. माझ्या संपूर्ण प्रचाराचा आशय शेवटी एवढाच उरला. रस्ता नाही, पाणी नाही, दिवा तर नाहीच. दारोदार जाऊन मी सांगत होतो, "उभी रेघ. उभ्या रेघेवर बटण दाबा." एक आजी म्हणाल्या, "दार असलेलं ना रे?" मी हो म्हटलं. नंतर लक्षात आलं, दार फ्रीजलाही असतं.

फ्लेक्सचं काम पुतण्याने घेतलं. माझा फोटो त्याच्या मुंजीतला, म्हणजे बारा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर केस असतानाचा. खाली शुभेच्छुक म्हणून त्याचे चौदा मित्र, गॉगलसह. त्यातल्या तिघांची नावं प्रभाग नऊच्या यादीत. मी विचारलं, माझं कपाट कुठंय. म्हणाला, "कोपऱ्यात टाकलंय, डिझाइन बिघडत होतं." रिक्षावरच्या भोंग्यात त्याच्या मित्राच्या आवाजात मी 'कार्यसम्राट' होतो. कसलं कार्य, असं मी विचारलं तेव्हा रिक्षावाला म्हणाला, ती क्लिप तयारच असते, नाव फक्त बदलतात. मधल्या आळीत सकाळच्या फेरीत नाव बदलायचं राहून गेलं होतं आणि दीड तास मी माझ्याच पैशांनी कपबशीचा प्रचार केला.

खर्चाची मर्यादा आमच्या वर्गाच्या सदस्याला साडेतीन लाख. माझा सगळा मिळून खर्च ४१ हजार २६० रुपये. एवढा कमी खर्च केला यावर गावात कुणाचा विश्वास नाही आणि ज्यांचा आहे त्यांना वाईट वाटलं. रोजचा हिशेब रोज द्यायचा. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापावी लागते. मुद्रक मी, प्रकाशक मी, उमेदवार मी. तेव्हा दोन हजार पत्रकांचं बिल मी मला दिलं. हिशेब तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, दर बाजारभावाने लावलाय ना? मी म्हटलं, हो, मी घासाघीस करून पाहिली पण मालक ऐकेना. साहेब हसले नाहीत. त्यांच्यासमोर दरपत्रक होतं, त्यात चहाचा, वडापावचा, खुर्चीचा, हाराचा दर ठरलेला. ओवाळणीचा नव्हता. काही घरी बायका औक्षण करतात. निरांजन फिरवून झालं की तबकात काहीतरी टाकावं लागतं, रिकाम्या हाताने निघणं आपल्यात बरं दिसत नाही. मी दहा-वीस रुपये टाकत गेलो. हा खर्च कुठे दाखवू असं विचारलं तर साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "उमेदवाराने मतदाराला रोख रक्कम दिली, असं मी लिहू का?" नको म्हटलं. ते साडेसहाशे रुपये आज कुठल्याच कागदावर नाहीत.

फेरीतला बाकीचा जाच किरकोळ आहे, पण किरकोळ म्हणूनच सांगतो. प्रत्येक उंबऱ्यावर चपला काढायच्या. मागून पंधरा माणसं, पंधरा जोड, सगळ्यांच्या काळ्या. तिसऱ्या दिवसापासून माझ्या उजव्या पायात आठ नंबर आणि डाव्या पायात नऊ नंबर आहे. ज्याच्याकडे उलट आहे त्याने अजून कळवलेलं नाही. मला संशय फ्रीजचा आहे. प्रत्येक घरी चहा. नाही म्हटलं तर "आमच्याकडचा चालत नाही होय?" हो म्हटलं तर दिवसाला बावीस. आणि प्रत्येक घरी एक काम, जे नगरपरिषदेचं नसतं. जावयाची बदली, पुतण्याचं प्रवेशपत्र, रेशनकार्डावरून कमी झालेलं नाव, शेजाऱ्याचा कोंबडा. सहाशे घरं फिरलो. रस्त्यावरच्या दिव्याबद्दल एकानेही विचारलं नाही. मीच काढला विषय तर म्हणाले, "दिवसा तरी लागतो ना? आमच्याकडे खांबच नाही."

कोपरा सभा एकच घेतली. विषय सुचेना म्हणून मी महात्मा फुल्यांचं उदाहरण दिलं. सांगितलं की जोतीराव १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरवलं, तेव्हा विरोधात एकट्या जोतीरावांनी मत दिलं. पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "मग?" मी म्हटलं, मग ठराव पास झाला. "म्हणजे ते पडले?" मी म्हटलं, पडले नाहीत, एकटे उभे राहिले. लोकांना ते पटलं नसावं. मग मी मंडईची गोष्ट सांगितली. लाखो रुपयांची मंडई बांधण्यापेक्षा तो पैसा शिक्षणाला द्या असं जोतीरावांचं म्हणणं होतं. मंडई बांधलीच, तिला गव्हर्नर रे यांचं नाव दिलं, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या खटपटीने तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव. यावर रसवंतीवाला, माझा सूचक, उठून म्हणाला, "मग काका, तुम्ही दिव्याला विरोध करा, खांबाला तुमचं नाव देतील." सभा संपली. मला वाटतं, त्या संध्याकाळी टाळ्या त्यालाच पडल्या.

१ डिसेंबरला रात्री दहाला प्रचार थांबला. त्यानंतर आमच्या गावात दिवाळीपेक्षा जास्त दारं उघडी असतात. लोक कशाची वाट बघतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात. मी फक्त मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला गेलो होतो, यादीतला अनुक्रमांक आणि खोली क्रमांक लिहिलेल्या, माझ्याच मशीनवर काढलेल्या. माझ्या आईची मैत्रीण, मी तिला मावशी म्हणतो, तिने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. दिव्यासमोरही धरली. म्हणाली, "बाकीच्यांचं पाकीट आलं. तुझं पाकिटातलं पत्र तेवढं आलंय."

मतदानाच्या दिवशी माझ्या नावापुढे दोन तारे होते. या वेळी संभाव्य दुबार मतदारांपुढे असे तारे छापले होते, आणि माझ्याच नावाचा, माझ्याच वडिलांच्या नावाचा कुणी गृहस्थ दुसऱ्या प्रभागात निघाला. मी दुसरीकडे मतदान केलेलं नाही आणि करणार नाही, असं हमीपत्र द्यायचं होतं. थोडक्यात, मी एकच आहे हे लिहून दिलं. मग शाईचं बोट घेऊन पाच नंबरच्या खोलीत गेलो आणि ज्यांना मी ओळखतही नाही अशा दोघांना सदस्यपदाची आणि एकाला नगराध्यक्षपदाची अशी तीन मतं देऊन आलो. भिंतीपलीकडे चार नंबरच्या खोलीत लोक मला मत देत होते, किंवा फ्रीजला.

आणि इथे खरा अन्याय झाला. मोजणी ३ डिसेंबरला होती. सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून पडायला जायचं अशी माझी तयारी होती. पण काही ठिकाणचं मतदान न्यायालयीन अपिलांमुळे २० तारखेवर गेलं होतं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांचे निकाल एकदमच, २१ डिसेंबरला लावा म्हणून सांगितलं. एकोणीस दिवस. नोटाबंदी आणि मतदानाच्या मधेही एकोणीसच होते. आमच्या गावाचं या आकड्याशी काहीतरी जुनं आहे. मराठीत या अवस्थेला क्रियापद नाही. मी उभाही नव्हतो, बसलेला नव्हतो, पडलेला नव्हतो. दुकान उघडलं की पहिला माणूस, "काय वाटतं, काका?" मला काय वाटायचं? यंत्रं गोदामात, बाहेर पोलीस, त्यांच्या बाहेर पक्षांची पोरं पाळीने शेकोटी करून बसलेली. अपक्षांनाही कुणी बसवायचं असेल तर बसवा म्हणाले. मी पुतण्याला पाठवलं. तो दोन रात्री बसला आणि तिसऱ्या रात्री फ्रीजच्या पुतण्याशी त्याची मैत्री झाली.

२१ तारखेला अकरा वाजायच्या आत सगळं उरकलं. निवडून आलेल्या दादाला ८१२, फ्रीजला २३६, मला १८७. मला सहाशे घरांनी शब्द दिला होता. १८७ हा आकडा मी मानतो, यंत्र खोटं बोलत नाही असं म्हणतात. माझी अडचण वेगळी आहे. "काका, मत तुम्हालाच दिलं हो," असं म्हणून एक-दोन प्रतींचे पैसे न देता जाणारे लोक मी वहीत लिहून ठेवतो. काल रात्रीपर्यंत ते २३१ झाले. यातली किमान ४४ माणसं खोटं बोलतायत, पण कोणती ४४ हे मला कळायला मार्ग नाही, आणि मतदान गुप्त आहे.

शिवाय पडलेल्या माणसालाही खर्चाचा अंतिम हिशेब तीस दिवसांत द्यावा लागतो, नाही तर पुढे उभं राहायला अपात्र ठरवू शकतात. या धमकीने मला क्षणभर मोह पडला होता. तरी दिला. दोन प्रतींत.

परवा दुपारी दादा आले. मागे पाच जण, गळ्यात आदल्या दिवशीचाच हार. निवडून आल्याच्या प्रमाणपत्राच्या वीस रंगीत प्रती हव्या होत्या. काढून दिल्या. मोठ्या मनाचा माणूस आहे, जाता जाता थांबला आणि म्हणाला, "काका, मनात काही ठेवू नका. तुमचं नेमकं काम काय होतं? सांगा, करून टाकू." मी गल्ल्याखालून फाइल काढली. अकरा अर्ज आणि वर एक गोषवारा, सगळे पोचसहित. त्यांनी उभ्या उभ्या चाळले, मान हलवली.

"याची एक झेरॉक्स द्या."

बारा पानं, दोन रुपयांनी चोवीस. ते म्हणाले, "लिहून ठेवा." मी वही उघडली, ३४० च्या खाली रंगीत प्रतींचे चारशे आणि त्याखाली चोवीस लिहिले. अक्षर नीट लागलं. दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेरचा दिवा चालू होता.